हडसन नदीवर स्ट्राइप्ड बास: मे महिन्यातील मासेमारीचा वृत्तांत

न्यूयॉर्क बंदरापासून ट्रॉयच्या धरणापर्यंत, म्हणजे जवळजवळ २४५ किलोमीटर आतपर्यंत, हडसन नदीला भरती-ओहोटी होते. एरवी समुद्रात वावरणारा स्ट्राइप्ड बास हा मासा दर वसंतात अंडी घालण्यासाठी या नदीच्या गोड्या पाण्यात चढतो आणि त्याच्या आगेमागे हेरिंग या लहान माशांचे थवेही वर येतात. मे महिन्याच्या पूर्वार्धात आम्ही किंग्स्टनजवळ होडीतून आणि पकीप्सीला काठावरून या माशासाठी गळ टाकले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा पल्ला एका दिवसात करता येतो, म्हणून पुढच्या हंगामात जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

कोकणातल्या खाडीवर वाढलेल्या माणसाला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, समजावून सांगावे लागत नाही. तरीही हडसनवर एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. येथे पाण्याची उंची आणि पाण्याची ओढ या दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. पूर्ण भरतीची वेळ उलटून गेल्यावरही साधारण दीड-दोन तास प्रवाह उत्तरेकडे, नदीच्या उगमाच्या दिशेने, वाहतच राहतो. त्यानंतर तो थबकतो आणि मग दक्षिणेकडे वळतो. किंग्स्टनला आमच्या सकाळी भरती नऊच्या सुमारास पूर्ण झाली, त्यावेळी आजूबाजूच्या काही होड्या नांगर उचलून निघून गेल्या; आम्ही मात्र थांबलो, आणि अकरानंतर ओहोटीची ओढ जोर धरू लागली तेव्हाच मासा खाऊ लागला. म्हणून केवळ भरतीचे वेळापत्रक पाहून निघू नये. अमेरिकेची नोआ ही समुद्र व हवामानाची सरकारी संस्था प्रवाहाचे अंदाज वेगळे प्रसिद्ध करते, ते पाहावेत. वरच्या भागात मोठा पाऊस झाला असेल तर ओहोटी लांबते आणि भरतीची ओढ आखूड होते, हेही हिशेबात धरावे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पाण्याचे तापमान. एप्रिलच्या मध्याला पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास येते तेव्हा मासे वर सरकू लागतात आणि ते पंधरा ते अठरा अंशांपर्यंत गेले की अंडी घालण्याचा काळ भरात येतो. पकीप्सीच्या मापनकेंद्राचे तापमान संकेतस्थळावर रोज दिसते. माझ्या मते कॅलेंडरपेक्षा त्यावर विसंबणे अधिक योग्य आहे.

आमिष म्हणून जिवंत हेरिंगला तोड नाही. किंग्स्टनला हडसनला मिळणाऱ्या राँडाउट या उपनदीत आम्ही पहाटे ते पकडले. एका दोरीला ओळीने बांधलेले बारीक गळ, प्रत्येकावर माशाच्या कातडीचा चमकता तुकडा, आणि खाली छोटे शिसे, अशी साबिकी नावाची रचना तळापर्यंत सोडून हळूच वरखाली करायची, एवढेच तंत्र. हेरिंगचे खवले फार सैल असतात आणि हात लागताच ते तळव्याला चिकटून येतात. खवले गेलेला मासा टाकीत फार वेळ जगत नाही. म्हणून हात ओले करून, शक्यतो फक्त गळ धरून तो टाकीत सोडावा. टाकी गोल असावी आणि तिला हवेचा पंप हवाच. एका माणसाला दिवसाला दहाच हेरिंग घेता येतात आणि उपनद्यांमध्ये त्यांच्यासाठी जाळे टाकण्यास मनाई आहे.

मुख्य नदीत जहाजांच्या मार्गाबाहेर, उथळ पाणी जिथे खोल होत जाते त्या कडेवर आम्ही नांगर टाकला. नाकपुडीतून गळ ओवलेला हेरिंग प्रवाहाबरोबर मागे सोडला होता. बास जवळ आला की हेरिंगची धडपड वाढते आणि रॉडचे टोक थरथरू लागते. या क्षणी झटका देण्याची सवय आवरणे सर्वांत कठीण आहे. आमिष लावायचे असेल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला पण बाजूला न झुकलेला गळ, वापरणे येथे बंधनकारक आहे, आणि तो झटक्याने हमखास निसटतो. रॉड पूर्ण वाकेपर्यंत थांबून मग सावकाश रीळ फिरवावे, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. आमच्या हाती आलेली मोठी मादी तशीच लागली होती: चंदेरी अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेले काळे पट्टे, पोट अंड्यांनी टरारलेले. तिला आम्ही पाण्यातच ठेवून गळ काढला आणि खालचा जबडा धरून, ती स्वतः शेपटी मारेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरली.

होडी नसेल तर न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरून मेट्रो-नॉर्थच्या गाडीने पकीप्सीला उतरावे. नदीकाठची बाग स्थानकापासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. तेथे ब्लडवर्म नावाचे समुद्री किडे आणि तीन-चार औंसांचे शिसे पुरते. काठावर मासे कमी लागतात, पण लहान नर बऱ्यापैकी मिळतात.

नियम वारंवार बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी राज्याच्या पर्यावरण विभागाचे संकेतस्थळ पाहावे. २०२४ पासून जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या उत्तरेला २३ ते २८ इंच लांबीचा एकच मासा दिवसाला ठेवता येतो आणि हंगाम १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर असा आहे. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला सागरी मासेमारीची मोफत नोंदणी करावी लागते. चुकून शॅड मासा लागला तर तो लगेच सोडावा. त्याची मासेमारी २०१० पासून बंद आहे. मे महिन्यातही पाणी अतिशय गार असते, तेव्हा जीवरक्षक जाकीट अंगावरून काढू नये. ऑल्बनीकडे जाणारी मोठी जहाजे आणि बार्ज पुष्कळ अंतरावरूनही होडी हेलकावतील अशा लाटा पाठवतात.

मासा खाण्याबाबत स्पष्ट लिहितो. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी ही घातक रसायने या नदीत गेली आणि त्यामुळेच १९७६ मध्ये येथील बासची व्यापारी मासेमारी थांबवली गेली. २००९ ते २०१५ या काळात वरच्या भागातील गाळ उपसला गेला, तरी मासा किती खावा याबाबतच्या आरोग्य विभागाच्या मर्यादा कायम आहेत. त्या नदीच्या भागानुसार आणि वयानुसार वेगवेगळ्या आहेत, आणि स्त्रिया व लहान मुलांसाठी अधिक कडक आहेत. घरात लहान मुले असल्याने आम्ही एकही मासा घरी नेला नाही. ज्यांना न्यायचा असेल त्यांनी या मर्यादा वाचून, कातडी आणि पोटाकडची चरबी काढूनच शिजवावा, कारण ही रसायने चरबीत साठतात; कालवणाचा रस्साही त्यामुळे टाळलेला बरा.