आतड्यातच मुक्काम करणारी गोळी

रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक पोटात गेलं की जवळजवळ सगळं आतड्यातच राहतं. डोसचा अर्धा टक्काही रक्तात उतरत नाही. त्याचा गुणही हाच आणि मर्यादाही हीच.

प्रवासात ई. कोलाय या जंतूमुळे लागलेल्या साध्या जुलाबांवर 200 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन दिवस. पण ताप असेल किंवा शौचात रक्त पडत असेल, तर जंतू आतड्याच्या अस्तरात घुसलेले असू शकतात. तिथे ही गोळी कमी पडते.

खरी कामगिरी सिरोसिसमधली, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कडक होतं त्या आजारातली. आतड्यातले जंतू अमोनिया तयार करतात आणि धडधाकट यकृत त्याचा युरिया करून टाकतं. सिरोसिसमध्ये ते काम अर्धवट होतं, शिवाय काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. रात्री झोप नाही, दिवसा पेंग, अक्षर बिघडलेलं, हात समोर ताठ धरले की पंजे फडफडतात. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदललाय! पुढे असंबद्ध बडबड, मग गुंगी.

पहिलं औषध तरीही लॅक्टुलोजच, म्हणजे शौच मऊ करणारं गोड पातळ औषध: 15 ते 30 मिलिलिटर, दिवसातून दोन-तीनदा, रोज दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतपत. बडबड-गुंगीचा असा झटका पुन्हा येऊ नये म्हणून जोडीला रिफॅक्सिमिन 550 मिलिग्रॅम, दोनदा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा झटका आलेले रुग्ण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर 46 टक्के होते, रिफॅक्सिमिनवर 22. दोन्ही गटांतले बहुतेक जण लॅक्टुलोज घेतच होते, हे मात्र विसरलं जातं. गोळी सुरू झाली की ते गोडमिट्ट औषध बंद करायचा मोह होतो, तो टाळावा. उलट तेच औषध जास्त घेऊन जुलाब लागले, तर पाणी आणि पोटॅशियम घटून गुंगी वाढते.

दोन्ही औषधं चालू असताना झटका आला तर नुसता डोस वाढवून भागत नाही. बद्धकोष्ठता, पोटातला रक्तस्राव, जलोदराच्या पाण्यात झालेला संसर्ग, झोपेची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काय घडलंय ते आधी शोधावं लागतं. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांच्या रक्तात रिफॅक्सिमिनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगावं.

जुलाबप्रधान आयबीएससाठी (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा विकार) रिफॅक्सिमिन 550 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 14 दिवस. त्रास उलटला तर हाच कोर्स पुन्हा देता येतो.

कुठल्याही अँटिबायोटिकनंतर जुलाब थांबेनात, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या संसर्गाची शंका घ्यावी. त्यावरचं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून दिलं तर आतड्यात पुरेसं उतरतच नाही, म्हणून ते तोंडावाटेच द्यावं लागतं: 125 मिलिग्रॅम, दिवसातून चारदा, 10 दिवस.