मातृवंदनेचे पैसे आणि माझं अकरावीतलं खातं

लग्न झालं तेव्हा हे चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होते आणि मी खोलीवर शिलाई करायचे. माहेर, सासर दोन्ही बीड जिल्ह्यात. चाकणला आमचं म्हणावं असं कुणी नव्हतं. दिवस गेले तेव्हा कुठल्या दवाखान्यात जायचं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंनी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना निरोप दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या. पहिला प्रश्न, "शेवटची पाळी कधी आली होती?" मी सांगितलेली तारीख त्यांनी वहीत लिहून घेतली. पुढे कार्डावर, सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर, गरोदर बाईला सरकारकडून पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेच्या फॉर्मवर, सगळीकडे तीच तारीख लागली. म्हणून ज्यांना नुकतेच दिवस गेलेत त्यांना सांगते, ही तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा.

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदलं गेलं, माता-बाल संरक्षण कार्ड हातात पडलं. वजन, बीपी, लघवी, रक्त. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, म्हणजे कमी. एकच्या जागी दिवसाला दोन लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की मळमळायचं, म्हणून मी आठवडाभर घेतल्याच नाहीत आणि सिस्टरांना खोटं सांगितलं, घेतेय म्हणून. त्यांना कळलंच. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रात्री जेवल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नकोस, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे." तेवढ्यानं फरक पडला. आठव्या महिन्यात १०.४ झालं.

आता मातृवंदनेबद्दल. पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाली की ३०००, आणि बाळाचा जन्म नोंदवून पहिल्या साडेतीन महिन्यांच्या लसी पूर्ण झाल्या की २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकरकमी. आधी ही योजना फक्त पहिल्या बाळापुरती होती, पैसे तीन हप्त्यांत यायचे. एप्रिल २०२२ पासून नियम बदलले, तरी लोक अजून जुनंच सांगतात. मलाही काकूंनी तीन हप्तेच सांगितले होते.

फॉर्म अंगणवाडीच्या ताईंनी भरला. पात्रतेसाठी रेशनकार्ड मागितलं, तर माझं नाव अजून वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या कार्डावर. सासरच्या कार्डावर चढवायचं राहूनच गेलं होतं. मला वाटलं, संपलं सगळं. ताई म्हणाल्या, "ई-श्रम कार्ड आहे का?" होतं. शिलाईकाम करते म्हणून यांनीच काढून दिलं होतं. या योजनेला ठरलेल्या पुराव्यांपैकी एक पुरतो: धान्य मिळणारं रेशनकार्ड, ई-श्रम, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आणखीही काही आहेत. एक नाही म्हणून घरी परतू नका.

दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं, आधी आधारवरचं नाव बदल, मग फॉर्म भर. मी निघालेच होते. ताईंनी अडवलं. "अगं, आत्ता हात लावू नकोस त्याला. आधारवर जे आहे तेच लिहिते मी. मधेच नाव बदललंस तर बँकेत एक, आधारवर एक, कार्डावर तिसरंच." त्यांचं ऐकलं ते फार बरं झालं.

मग ओटीपी. आधारला नंबर अप्पांचा. मी फोन केला तेव्हा ते शेतात होते. "थांब, चष्मा घरी राहिला," म्हणाले आणि बांधावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारून आकडे वाचून घेतले. तोवर मुदत संपली. दुसऱ्यांदा पाठवला. ताईंच्या पुढ्यात पंधरा मुलं बसलेली, एक रडत होतं, त्याला एका हातानं थोपटत त्यांनी दुसऱ्या हातानं फॉर्म पुरा केला. मानधनावर काम करणाऱ्या बाईकडून आपण किती कामं करून घेतो, ते त्या दिवशी मी पाहिलं. पुढे आहाराच्या पाकिटांसाठीही तेच. ताईंच्या मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर चेहरा जुळल्याशिवाय वाटप होत नाही. आत रेंज नसायची, म्हणून आम्ही सगळ्या पोटुशा बाया उन्हात भिंतीला टेकून उभ्या आणि ताई मोबाईल उंच धरून एकेकीपुढे. पाकीट ज्या बाईचं तिलाच मिळावं हे खरं, पण आठव्या महिन्यातल्या बाईला त्यासाठी उन्हात उभं राहावं लागू नये.

काही दिवसांनी ताईंनी सांगितलं, पैसे जमा झालेत. माझं पासबुक कोरं. बँकेत तीनदा गेले. खिडकीवरचा माणूस दर वेळी स्क्रीनकडे बघून "नाही आले" एवढंच बोलायचा. नाही आले तर गेले कुठे, हे कुणी सांगेना. महिना गेला. मला रात्री झोप लागेना, कारण सोनोग्राफीसाठी उसने घेतले होते ते या पैशांतूनच द्यायचे होते.

उलगडा झाला तो सेवा केंद्रातल्या मुलामुळे. तो म्हणाला, हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार ज्या बँकेला जोडलेलं असेल तिथे जातात. त्यानं आधारच्या संकेतस्थळावर बघितलं (पुन्हा अप्पा, पुन्हा ओटीपी) आणि बँकेचं नाव वाचून दाखवलं. ती माझी इथली बँक नव्हतीच. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी तालुक्याला खातं काढलं होतं, ते! मी ते पार विसरले होते. आधार अजून तिथेच जोडलेलं. फॉर्मात लिहिलेलं खातं वेगळं आणि पैसे उतरले तिथे वेगळं.

सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा आईबरोबर त्या बँकेत गेले. दोन वर्षांहून जास्त काळ काही व्यवहार नाही म्हणून खातं बंद पडलेलं, पण ३००० आत सुखरूप होते. केवायसीचे कागद दिले, चार दिवसांनी पैसे हातात आले. आईनं तिथल्या तिथे मोजून माझ्या पर्समध्ये ठेवले. आधार मी तिथेच राहू दिलं, दुसरा हप्ता येईपर्यंत बदलायचं नाही असं ठरवून. मोबाईल नंबर मात्र तिथल्या आधार केंद्रात माझा टाकून घेतला.

मुलगी झाली. २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाची. गावच्या आशाताई तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी, अशा सहा वेळा घरी आल्या. बाळाला उघड्या छातीशी धरून वरून साडीनं गुंडाळायला त्यांनीच शिकवलं. आई म्हणायची, उतरून ठेव, तुला घाम येतो. मी नाही ठेवलं. तिचा श्वास माझ्या गळ्यापाशी लागायचा, तेवढ्यावर रात्र निघायची.

दुसरा हप्ता थोडक्यासाठी अडकला. दीड महिन्याची लस माहेरी टोचली, पण त्या दिवशी कार्ड घरी राहिलं होतं आणि सिस्टरांनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी चाकणला झाल्या. फॉर्म भरताना कार्डावर पहिली ओळ रिकामी. चिठ्ठी मी बाळाच्या दुपट्यांखाली जपून ठेवली होती म्हणून निभावलं. इथल्या सिस्टरांनी बघून कार्डावर नोंद करून दिली. जन्माचा दाखला माहेरूनच घेऊन निघाले होते. अशा दोन गावांत बाळंतपण होणाऱ्या प्रत्येकीनं कार्ड अंगावरच्या दागिन्यासारखं सांभाळावं. २००० आले, जुन्याच खात्यात.

काल अंगणवाडीत वजन केलं. सहा महिने पूर्ण, ६ किलो १००. कार्डावरच्या आलेखात तिचा पहिला ठिपका पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात आहे. ताईंनी कालचा ठिपका हिरव्यात दिला आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "रेघ तू जोड."