समाजआरतीनंतर

दादा जाऊन तीन वर्षं झाली. एका घरात राहून आई आणि मी वेगवेगळ्या रडत होतो. ती पहाटे पदर तोंडाशी धरून, मी न्हाणीघरात नळ सोडून. येणारा-जाणारा मला सांगायचा, 'आईला सांभाळ हं.' भाऊ माझाही गेला होता, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. आईच्याही येत नाही, असं मला वाटायचं. तो राग पोटात घेऊनच तिच्या सोबतीला मी वारीत उतरले.

दिवेघाट चढून झाला, सासवड झालं, जेजुरी, वाल्हे. टाळांच्या गजरात न बोलणं खपून जातं. माझ्या टाचेला फोड आला तेव्हा तिने सुईने त्यातून दोरा ओवला, पाणी झिरपून जावं म्हणून तो तसाच आत ठेवला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं. दादाची रक्षा सोडल्यापासून आई कुठल्याच नदीत उतरली नव्हती. काठाशी ती थबकली आणि तिने माझं मनगट धरलं. गुडघाभर पाण्यात आम्ही नुसत्या उभ्या राहिलो, बराच वेळ.

संध्याकाळी लोणंदच्या तळावर समाजआरती. पालखीभोवती सगळ्या दिंड्या, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी दंड उंचावला आणि सारं एकदम शांत झालं. एका दिंडीचे टाळ तेवढे वाजतच राहिले.

"हे का थांबत नाहीत?" मी शेजारच्या मावशींना विचारलं.

"त्यांची तक्रार हाय, माउली. कुनी ऐकून घेईस्तवर वाजवायचं."

चोपदार तिकडे गेले, ऐकून घेतलं, मग ते टाळही थांबले. तक्रार आहे म्हणून कुणी त्यांना दटावलं नाही, ही रीत मला फार मोठी वाटली.

रात्री राहुटीत, अंधारात, आई म्हणाली, "तुझेही टाळ वाजतायत ना गं? सांग. ऐकते मी."

"तू माझ्याकडे बघत नाहीस."

ती गप्प झाली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "तू हसलीस की तोच दिसायचा. बघवायचं नाही. मग तू हसायचीच थांबलीस. तेही बघवेना."

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो. राहुटीतल्या बायका जाग्या होत्या. 'रडू नका' असं कुणी म्हणालं नाही. मावशींनी पाण्याची बाटली आमच्याकडे सरकवली आणि कूस बदलली.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. गर्दीत टाचा उंचावून उभ्या असताना आईने मधेच विचारलं, "त्याच्या सायकलवरून पडून तुझा दात तुटला, तेव्हा तो सहावीत होता ना?"

"सातवीत."

"सहावीत गं. गणवेश नवा होता त्याचा."

माउलींचा अश्व समोरून दौडत गेला, बायका टापांखालची माती कपाळाला लावायला वाकल्या, तरी आमचं एकमत झालं नव्हतं.