पहिलं लाँगआर्म: कापड उलटं करून बघा

माझे क्विल्ट, म्हणजे तीन थरांच्या गोधड्या, बघायला आलेलं कुणीतरी निघता निघता दारात थांबतं आणि विचारतं, "मला लाँगआर्म घ्यायचंय, पहिलंच. कुठलं घेऊ?" लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेला क्विल्ट शिवायचं लांब हाताचं यंत्र. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तुमचं स्वतःचं कापड घेऊन जा, तुमचाच दोरा घ्या, यंत्रावर निदान अर्धा तास शिवा आणि मग ते कापड उलटं करून बघा. यंत्राचा खरेपणा मागच्या बाजूला दिसतो.

दाखवण्यासाठी चढवून ठेवलेल्या कापडावर बहुतेक यंत्रं छानच शिवतात, कारण ताण त्याच दोऱ्याला जुळवून ठेवलेला असतो. म्हणून वरचं कापड, बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर, तुम्ही नेहमी वापरता तेच न्या. वर गडद दोरा घाला, बॉबिनमध्ये फिका. दोन रंग असले की कुठला दोरा कुठे ओढला जातोय ते लगेच कळतं.

आधी एक गोल काढा, साधारण ताटाएवढा. लाँगआर्ममध्ये कापड फ्रेमवर ताणलेलं असतं आणि यंत्र फिरतं. कापड पुढे सरकवणारे दाते इथे नसतात, मुठी धरून यंत्र आपणच न्यायचं. पुढे-मागे जाताना फक्त यंत्र सरकतं, आडवं जाताना मात्र यंत्रासकट त्याखालचा गाडाही ओढावा लागतो. हा फरक जास्त असेल, तर गोल चारी बाजूंनी चपटा होतो, त्याला कोपरे आल्यासारखे दिसतात. पहिल्या दिवशी गोल कुणाचाच नीट येत नाही, पण दहाव्या गोलालाही मनगट भांडत असेल तर त्या यंत्राचा विचार सोडा. त्यानंतर बारीक, टोकदार पानं काढा. टोकावर हात थांबतो आणि झटक्यात दिशा बदलतो. चाकांवरचे सेन्सर हाताचा वेग मोजून सुईचा वेग जुळवतात, त्यालाच स्टिच रेग्युलेटर म्हणतात. इंचाला १० ते १२ टाके लावून ठेवा आणि टोकापाशी टाके लांबतात का, की एकाच जागी गोळा होतात, ते बघा. पहिल्या यंत्राला चांगला रेग्युलेटर हवाच, यावर मी ठाम आहे.

आता कापड उलटं करा. वळणांवर वरच्या गडद दोऱ्याचे बारीक फासे पापण्यांसारखे एका ओळीत दिसले, तर वरचा दोरा सैल पडतोय. तेवढ्यावरून यंत्र बाद करू नका. ताण बदलून द्यायला सांगा आणि पुन्हा शिवा. दोन-तीन प्रयत्नांत जुळलं तर उत्तम. दर वेळी नवी सबब पुढे येत असेल, तर घरी तीच तुमच्या पदरी पडणार आहे.

आकड्यांत बहुतेकजण थ्रोटपाशी अडकतात. थ्रोट म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा. घरगुती मशीनवर ती सहा ते नऊ इंच असते, लाँगआर्मवर १८ ते २६ किंवा त्याहून जास्त. पण शिवून झालेला क्विल्ट ज्या दांडीवर गुंडाळला जातो, ती याच जागेतून जाते. १८ इंचांच्या यंत्रावर सुरुवातीलाच हाताशी साधारण १४ इंच राहतात, आणि गुंडाळी जाड होत गेली की त्याहून कमी. मोठे ब्लॉक, म्हणजे नक्षीचे चौकोन, एका दमात भरायचे असतील तर हे महत्त्वाचं आहे. तुम्ही पाळण्याएवढेच क्विल्ट करत असाल, तर २६ इंचांचं जड यंत्र ओढण्यात खांदे कशाला झिजवायचे?

फ्रेमचंही तसंच. १२ फुटांच्या फ्रेमवर पूर्ण १२ फूट शिवता येत नाहीत, कडेला यंत्राची रुंदी आणि क्लॅम्प जागा खातात. शिवाय अस्तर टॉपपेक्षा, म्हणजे वरच्या कापडापेक्षा, प्रत्येक बाजूला चार इंच जास्त लागतं, म्हणजे १०० इंचांच्या टॉपला १०८ इंचांचं अस्तर. आधी फ्रेमचं माप जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि भोवती फिरून बघा. पँटोग्राफ, म्हणजे कागदावरच्या नक्षीवरून लेझरचा ठिपका फिरवत शिवायचं असेल, तर यंत्राच्या मागे उभं राहावं लागतं. तिथे भिंत चिकटलेली चालत नाही.

जमिनीचा उतार मला फार उशिरा कळला. माझी फ्रेम लागली आणि पहिल्या आठवड्यात आडवी रेघ काही केल्या सरळ येईना. मी हातालाच दोष देत होते. एकदा मुठी सोडल्या, तर यंत्र आपसूक डावीकडे सरकत गेलं. स्पिरिट लेव्हल ठेवली, फ्रेमचे पाय फिरवून ती समतल केली, आणि त्याच संध्याकाळी रेघ सरळ आली. उंचीही तेव्हाच ठरवून घ्या. मुठी धरल्यावर कोपर काटकोनात असावं, खांदे वर चढलेले नसावेत.

कॉम्प्युटरवर चालणारी नक्षी पहिल्याच दिवशी घेऊ नका. नंतर जोडता येते का, एवढं विचारून ठेवा. दुसऱ्यांचे क्विल्ट शिवून द्यायचा व्यवसाय करणार असाल किंवा खांदा दुखत असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि बिघडल्यावर फोन कोण उचलणार, तेही विचारा. बॉबिन केस काढून हुकाजवळची, म्हणजे खालून दोरा पकडणाऱ्या भागाजवळची, कापसाची लव ब्रशने झाडणं, तेलाचा एक थेंब टाकणं, सुई बदलणं हे आपण करायचंच. पण टायमिंग हललं, सुई आणि हुक यांचा मेळ चुकला, तर पहिल्या वर्षी तरी कुणीतरी शेजारी बसून दाखवणारं लागतं.

निवडताना शिवलेले दोन तुकडे मी अजून कपाटात ठेवलेत. दोन्हींवर पेनाने दोऱ्याची जाडी आणि टाक्यांची संख्या लिहिलेली आहे. वरून ठेवले तर कुठला कुठल्या यंत्राचा, ते मलाही ओळखता येत नाही. तुम्ही आलात की दोन्ही उलटे करून तुमच्यासमोर ठेवते.