एन्टीसीला आहे आणि गातेसुद्धा

दहावीपर्यंत गाणं शिकणं घरात सगळ्यांना चालतं. गांधर्वच्या परीक्षा द्यायच्या, प्रारंभिक, प्रवेशिका, जमलं तर मध्यमा, वर दहावीच्या निकालात कलेचे वाढीव मार्क मिळतात त्यामुळे नातेवाईकही खूश. आणि अकरावीला पेटी कपाटावर जाते. साताऱ्यात आमच्या क्लासमधल्या माझ्या बरोबरीच्या बहुतेकांचं हेच झालं, कोणी नीटच्या मागे, कोणी सीईटीच्या मागे, आणि बाईंच्या वर्गात परत फक्त लहान मुलं उरली. बाई काही बोलल्या नाहीत पण त्यांना दरवर्षी हे बघावं लागतं याचं मला आजही वाईट वाटतं.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला, एन्टीसीला म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला आले आणि गाणं परत सुरू झालं. आता शेवटचं वर्ष आहे आणि फर्स्ट इयरची मुलं मला सारखं विचारतात की ताई तुम्ही वेळ कसा काढता. खरं सांगू का, वेळ निघतो. सबमिशनच्या आठवड्यात नाही निघत, ओरल्सच्या आधी नाही निघत, सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो आणि नेमक्या तेव्हाच आमच्या परीक्षा असतात त्यामुळे तिथे मन मारावं लागतं. पण एरवी निघतो. निघत नाही ती जागा.

म्हणजे बघा, होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, एकीचं दुसऱ्या दिवशी काहीतरी असतंच, तिच्या कानाशी खर्जाचा रियाझ कसा करणार. गच्चीला संध्याकाळी कुलूप लागतं. सेमिनार हॉलला अर्ज, अर्जावर एचओडींची सही, सही मिळेपर्यंत आठवडा गेलेला. मग उरतं पार्किंग, लायब्ररीमागचा जिना आणि पाचनंतर रिकामे होणारे वर्ग. वर्गांचं सगळं वॉचमन मामांवर अवलंबून. मामा स्वतः भजनी मंडळात पखवाज वाजवतात हे आम्हाला खूप उशिरा कळलं, तोवर ते आम्हाला नुसतं 'दिवे बंद करून जा' एवढंच सांगायचे.

गाणं कुठे शिकलीस असं कोणी विचारलं तर बाईंचं नाव तर घेईनच पण त्यांच्यानंतर फिरोदियाचं घेईन. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, फिरोदिया करंडक ही इथली आंतरकॉलेज स्पर्धा, त्यात एकाच सादरीकरणात नाटक, गाणं, नाच, वाद्यं, चित्रकला असं जमेल ते सगळं गुंफायचं असतं. नुसता भरणा करून चालत नाही, ते गोष्टीत बसायला लागतं. मी सेकंड इयरला म्युझिक टीममध्ये गेले. तबल्याला सिव्हिलचा मुलगा, तो मुळात ढोल पथकातला. गिटार मेकॅनिकलची मुलगी, सगळं व्हिडिओ बघून शिकलेली आणि कान इतका तयार की मी आलाप घेतला की लगेच पकडायची. बासरी कॉम्प्युटरचा कोल्हापूरचा मुलगा. यातल्या कोणालाच संगीतात डिग्री करायची नव्हती आणि कोणीच एकसारखं शिकलेलं नव्हतं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात भारी होतं.

एका प्रवेशासाठी मी रूपक तालात चाल बांधली होती, सात मात्रा, तीन दोन दोन. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची गंमत ही की समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' असते, जिथे बाकीच्या तालांत वजन पडतं तिथे इथे मोकळं असतं. गिटारवाली म्हणाली पहिल्या मात्रेवर जोर दिल्याशिवाय मला तालाची सायकल कळणारच नाही, तबलेवाला म्हणाला जोर दिला तर तो रूपक राहणार नाही, दोघंही बरोबर. त्यावर आम्ही पार्किंगमध्ये कितीतरी वेळ भांडलो, शेवटी तिने पहिल्या मात्रेवर गिटार पूर्ण सोडून दिली, चौथ्या मात्रेपासून कॉर्ड धरली आणि ती रिकामी जागा इतकी सुंदर झाली की दिग्दर्शकाने मुख्य पात्राची एंट्रीच तिथे घेतली. हे मला क्लासमध्ये कधीच मिळालं नसतं. क्लासमध्ये ताल सगळ्यांना आधीच माहीत असतो, त्यामुळे तो असा का आहे हे कोणाला समजावून सांगायची वेळच येत नाही.

आणि उलटंही होतं, अभ्यासातून गाण्याकडे. सिग्नल्स शिकताना एफएफटी आलं, म्हणजे एखाद्या आवाजात कोणकोणती कंपनं मिसळलीयत ते सुटं करून दाखवणारं गणित, तेव्हा सगळ्यांनी पुस्तकातल्या साइन वेव्ह घेतल्या, मी बाईंच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचं रेकॉर्डिंग घेतलं. माझी पट्टी पांढरी पाच, म्हणजे माझा सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, त्यामुळे खर्जाची तार साधारण ९८ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनं. ग्राफ आला तर ९८, १९६, २९४, ३९२, ४९० अशी शिखरं ओळीने उभी. त्यातलं २९४ म्हणजे पंचम, आणि ते ४९० म्हणजे गंधार! स्वयंभू गंधार, लहानपणापासून बाई सांगायच्या की तानपुरा नीट लागला की तो आपोआप ऐकू येतो, डोळे मिटून ऐका, आणि आम्ही ऐकू आल्यासारखे चेहरे करून बसायचो. तो समोर स्क्रीनवर होता.

मग पेटीचा गंधार मोजला. पेटी समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेली असते, त्यात हाच गंधार ४९४ च्या जवळ येतो. चार हर्ट्झचा फरक, म्हणजे दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला चार वेळा तो स्वर हेलकावतो. पंचमात मात्र फरक जवळपास नाहीच. पेटीच्या साथीला गाताना गंधारावर आपण जरा वर ओढले जातो असं मला कायम वाटायचं, त्याचं उत्तर हे होतं. मी लगेच बाईंना फोन केला, त्यांना हर्ट्झ वगैरे सांगितलं नाही, फक्त म्हटलं की बाई तुमचा गंधार सापडला. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, अगं तो हरवला कधी होता.

माझं म्हणणं, आपण शिकतोय ते आणि गातोय ते इतकं लांब नसतं. ४४,१०० वेळा सेकंदाला आवाज का मोजतात हे मला परीक्षेसाठी पाठ करावं लागलं नाही, माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजायला लागतं, बस. खोलीत गाद्या भिंतीला उभ्या करून आम्ही रेकॉर्ड करायचो तेव्हा हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा यायचा आणि लय घसरायची. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाची जितकी मोजमापं साठवून मग एकदम पुढे पाठवतो तो आकडा, ५१२ वरून १२८ वर आणला की तेवढ्यापुरता उशीर बारा मिलिसेकंदांवरून तीनवर येतो. हे गणित बासरीवाल्याने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं होतं.

आमच्या आत्याला हे काही पटत नाही. तिचं ठरलेलं वाक्य आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. तिची काळजी मला कळते, फी घरच्यांनी भरलीय आणि प्लेसमेंटचं टेन्शन खरं आहे. पण मी तिला प्रभाताई अत्रेंचं सांगते, विज्ञानाची डिग्री घेतली, कायद्याची घेतली आणि गायल्या काय त्या. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते. मी त्यांच्या जवळपासही नाही आणि मला गायिका म्हणून पोटही भरायचं नाहीये, मला फक्त गाणं सोडायचं नाहीये. या दोन गोष्टींच्या मध्ये खूप मोठी जागा आहे आणि कॉलेजातले बहुतेक गाणारे वाजवणारे तिथेच राहतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

नोकरीला लागलेले सीनियर भेटतात, त्यांच्याकडे आता चांगला माइक आहे, माइक कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस आहे, कोणाकडे आठ हजारांचे हेडफोन. आणि ते सगळे एकच विचारतात, तुमच्याकडे तबल्याला कोण आहे रे सध्या? सामान घेता येतं. पण पाच वाजता वर्ग सुटल्यावर जिन्यात चार वाद्यं आपोआप जमा होणं हे पगारातून येत नाही.

म्हणून आम्ही या सेमिस्टरला अर्ज दिलाय. वर्कशॉपच्या मागे जुना ड्रॉइंग हॉल आहे, ड्रॉइंग आता कॉम्प्युटरवर होतं त्यामुळे तिथे नुसती मोडकी टेबलं पडलीयत. वाद्यं नकोत, साउंड सिस्टिम नको, शिक्षक नको. रजिस्टरवर सही करून किल्ली मिळावी आणि रात्री नऊपर्यंत खोली उघडी असावी, एवढंच मागितलंय, आणि मुलींना होस्टेलची वेळ त्यानुसार अर्धा तास वाढवून मिळावी हेही लिहिलंय कारण नाहीतर ती खोली फक्त मुलांची होईल. अर्जावर मेकॅनिकलच्या दोन सरांनीसुद्धा सही केलीय. ऑफिस म्हणतंय की आवाजाचा त्रास, सामानाची जबाबदारी कोणाची, नियम लेखी द्या.

तर तुमच्या कॉलेजात अशी खोली असेल तर किल्ली कोणाकडे असते, परीक्षेच्या काळात काय करता, काही मोडलं तर कोण भरतं, हे मला प्लीज सविस्तर लिहून पाठवा. पुढच्या सोमवारच्या आत मिळालं तर अर्जाला जोडता येईल.