शेवट माहितीये तरी परत का वाचता? तुम्ही विचारलंत म्हणून

हे मला सगळेच विचारतात. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, भाचा विचारतो, मागे कपाट दुरुस्त करायला आलेले सुतारकाका पण म्हणाले, ताई हे वाचून झालंय ना, मग रद्दीत का नाही देत. घरात न वाचलेली एवढी पुस्तकं पडलीयेत आणि मी आपली तीच स्मृतिचित्रे आणि तीच बनगरवाडी घेऊन बसते, शेवट तर पाठ झाला असेल की आता. हो, झालाय.

आमच्या सासूबाई दर चातुर्मासात श्रीधरांचा पांडवप्रताप, म्हणजे महाभारताची पोथी, वाचतात, सगळे 64 अध्याय. त्यांना आजवर एकानेही विचारलं नाहीये की आई, युद्ध कोण जिंकतं ते माहितीये ना, मग परत कशाला? पोथी परत वाचली की पारायण, आणि मी कादंबरी परत उघडली की टाइमपास. असो.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं ना, की चांगलं पुस्तक दर वेळी नवीन काहीतरी देतं वगैरे. देत असेल. पण मला खरं म्हणजे नवीन नकोच असतं. दिवसभर नवीनच चालू असतं सगळं, नवीन सर्क्युलर, नवीन अ‍ॅप, सोसायटीच्या ग्रुपवर नवीन भांडण. रात्री पुस्तक हातात घेतल्यावर मला ओळखीची माणसं ओळखीच्या पानावर भेटायला हवी असतात, आणि त्यांनी मागच्या वेळी जे म्हटलं तेच म्हणायला हवं असतं. लहान मुलं नाही का, गोष्टीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर चिडतात, तसंच.

आता स्मृतिचित्रे, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. लक्ष्मीबाई 1868 च्या, आणि पुस्तक यायला लागलं 1934 पासून, भागाभागांनी, म्हणजे बाई साठी ओलांडून बसल्या होत्या. (1936 मध्ये त्या गेल्याच.) शाळेत कधी गेल्या नाहीत, लिहायवाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. आईचे वडील 1857 च्या धामधुमीत फाशी गेले, त्याचा धसका वडिलांनी घेतला आणि तेव्हापासून सोवळं जे डोक्यात शिरलं ते बाजारातनं आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं इथपर्यंत. मीठ! धुतल्यावर उरणार काय त्याचं? आता हा सगळा प्रकार त्या घरातल्या बायकापोरांना किती जाचक झाला असेल, पण लक्ष्मीबाई हे सांगतात कसं, तर शेजारची बाई ओट्यावर बसून सांगेल तसं, हसत हसत, आणि आपण पण आधी हसतो आणि मग दोन पानांनी जरा गप्प होतो.

आणि हाच आवाज पुढे 1895 मध्ये त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती होतात तेव्हाही. नवरा सांगूनसवरून नाही, परस्पर धर्म बदलून बसलाय, पदरात लहान मुलगा, माहेरची माणसं हादरलेली, पुढची काही वर्षं दोघं वेगळे. दुसऱ्या कोणी यावर तीनशे पानं रडून घेतली असती आणि कोणी काही म्हटलंही नसतं. या बाई रडतात, खूप रडतात, पण लिहिताना त्या रडण्याचं कौतुक नाही करत, एक वाक्य लिहितात आणि पुढे चालू लागतात. नवऱ्यावर राग आहे, त्याच्या कवितेचा अभिमान आहे, त्याच्या हातात पैसा टिकत नाही याची कटकट आहे, आणि हे सगळं एकाच पानावर. मी कुठलंही पान काढते, दहा मिनिटं वाचते, झोपते. क्रमाने वाचायची गरज मला कधीच संपली.

आणि ही एक सोय पहिल्यांदा वाचताना नसते बघा, की कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं. बनगरवाडी माडगूळकरांची, 1955 ची, एवढीशी आहे, एका दुपारात होते. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे पोरगेलासा मास्तर येतो, शाळेला कोणी पोरं पाठवायला तयार नाही कारण पोरं शाळेत गेली तर मेंढरं कोण राखणार, मग हळूहळू तो त्यांच्यातला होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. मी बऱ्याचदा इथेच पुस्तक मिटते. पुढे पाऊस जातो, दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात आणि वाडी ओस पडते, ते मला माहितीये, पण माझ्यापुरती वाडी भरलेली राहते. भाचा याला चीटिंग म्हणतो. म्हणू दे. नेमाड्यांच्या कोसला कादंबरीचंही तसंच, पांडुरंगाचं हॉस्टेल, मेस, उदाहरणार्थ वगैरे सगळं कितीही वेळा, पण त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते ती पानं मी सरळ उलटते. एकदा वाचलीयेत, पुरे.

सगळी आवडलेली पुस्तकं परत वाचता येतात असं पण नाही हं. शिवाजी सावंतांच्या मृत्युंजयने, म्हणजे कर्णावरच्या कादंबरीने, मला शाळेत असताना अक्षरशः वेड लावलं होतं, जेवताना पण हातात. मध्यंतरी उघडलं तर ती भाषा इतकी दागिने घालून आली समोर की वीसेक पानांत दमले. प्रेम आहे अजून, पण लांबून. आणि पुलं मी वाचत नाही, ऐकते, कारण त्यांच्या कथनाच्या रेकॉर्डिंग इतक्या कानात बसल्यात की पुस्तक उघडलं तरी त्यांचाच आवाज येतो, मग डोळ्यांना कशाला त्रास.

नवीन वाचतच नाही असा पण एक आरोप आहे माझ्यावर. वाचते की, लोकलमध्ये वाचते, लायब्ररीचं आणून. उशाशी मात्र ही दोनच. आणि ज्यांनी हे वाचून पुस्तक मागायचं मनात आणलं असेल त्यांनी बनगरवाडी मागा, तिची एक जास्तीची प्रत याच कामासाठी ठेवलीये, नाही आली परत तरी नवी घेईन. स्मृतिचित्रे मागू नका.