तुम्ही विचारलंत म्हणून : माझं मत वाया जातं का?

साताऱ्याच्या मामांचा आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, निवडणूक आली की ठरलेला फोन. "काय गं, तुझ्याकडे डेमोक्रॅटच येणार, गाढव उभं केलं तरी येईल, मग तू रांगेत उभी कशाला राहतेस, वाया नाही का जात मत?" (त्या पक्षाचं चिन्ह खरंच गाढव आहे, हे त्यांना सांगितल्यापासून तर त्यांना जास्तच चेव आलाय.) आणि मग लगेच दुसरा प्रश्न, "आणि लिंकन रिपब्लिकन होता ना? गुलामगिरी त्याने संपवली, मग तिथले सगळे ब्लॅक लोक उलट्या बाजूला कसे गेले?" मित्रमंडळी पण फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझा मतदारसंघ इलिनॉय राज्यातला पहिला, म्हणजे शिकागोची साउथ साइड आणि आता तिथून बरंच पुढे. मी एमएसला आयआयटीत आले, आपली आयआयटी नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पण आईने अख्ख्या सोसायटीत 'पोरगी आयआयटीत लागली' एवढंच सांगितलं आणि मीही काही दुरुस्ती केली नाही. हे कॉलेज ब्रॉन्झव्हिल नावाच्या भागात आहे. कॅम्पसच्या दक्षिणेला स्टेट स्ट्रीटवरून चालत गेलं की तेव्हा नुसते मोकळे प्लॉट, गवत, मैलच्या मैल. मला वाटायचं शहराच्या एवढ्या मध्यात जागा रिकामी कशी राहिली? राहिली नव्हती, केली होती. तिथे सरकारी घरांचे टॉवर होते, एकट्या रॉबर्ट टेलर होम्समध्ये सोळा सोळा मजली 28 इमारती, 2007 पर्यंत सगळ्या पाडल्या. आमच्या सीनियर्सनी दिलेला सल्ला एकच, संध्याकाळनंतर तिकडे जायचं नाही. त्या रस्त्यांनी अमेरिकेचं राजकारण किती वेळा हलवलंय हे कोणी सांगितलं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिसिसिपी, अलाबामा वगैरे दक्षिणेकडून ब्लॅक कुटुंबं रेल्वेने शिकागोला यायला लागली, कत्तलखान्यांत आणि स्टीलच्या कारखान्यांत काम होतं म्हणून. आली खरी, पण राहायचं कुठे? घर ब्लॅक माणसाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही असा करार मालक लोक रीतसर लिहून करायचे, 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की असे करार कोर्टं राबवू शकत नाहीत, तोपर्यंत हे चालू. त्यामुळे लाखो माणसं एका चिंचोळ्या पट्ट्यात कोंडली गेली. आता कोंडलं की मतंही एकाच जागी साचणार ना! दक्षिणेत ब्लॅक माणसाला मतच देऊ देत नव्हते, इथे देता येत होतं. राखीव मतदारसंघ वगैरे त्यांच्याकडे प्रकार नाही, पण वस्ती कोंडून यांनी नकळत तसाच एक तयार केला.

1928 मध्ये इथून ऑस्कर डी प्रीस्ट निवडून आला. 1901 पासून अमेरिकन संसदेत एकही ब्लॅक माणूस नव्हता, आणि उत्तरेकडच्या राज्यातून तर त्याआधी कधीच आला नव्हता. पक्ष? रिपब्लिकन. लिंकनचा पक्ष. म्हणजे मामा, तुमचा प्रश्न त्या काळात कोणी विचारलाच नसता. शपथविधीला दक्षिणेतले खासदार हरकत घेतील अशी भीती होती, तेव्हा सभापती लाँगवर्थनी सगळ्यांना एकदमच उभं करून शपथ दिली, हरकत घ्यायला मधे फटच ठेवली नाही. (हे वाचून मला आपल्या जुन्या मुरलेल्या सभापतींची आठवण झाली.)

मग मंदी आली. 1932 ला देशभर डेमोक्रॅट रूझवेल्टची लाट, पण साउथ साइडच्या ब्लॅक वॉर्डांनी बहुतांश मतं रिपब्लिकन हूवरलाच दिली, डी प्रीस्टही परत निवडून आला. दोन वर्षांत चित्र फिरलं. लोक भाडं भरू शकत नव्हते, सामानासकट रस्त्यावर येत होते, रूझवेल्टच्या योजनांतून काम आणि रेशन मिळायला लागलं होतं, आणि डी प्रीस्ट म्हणत होता केंद्र सरकारने असली मदत करू नये. 1934 मध्ये आर्थर मिचेलने त्याला पाडलं, संसदेत निवडून आलेला पहिला ब्लॅक डेमोक्रॅट. यातली गंमत बघा, त्याच वर्षी संसदेच्या रेस्टॉरंटमध्ये डी प्रीस्टच्या ब्लॅक सेक्रेटरीला जेवण नाकारलं होतं, डी प्रीस्टने त्यावर चौकशी समिती बसवायला लावली, आणि समितीतल्या डेमोक्रॅट बहुमतानेच प्रकरण गुंडाळलं. म्हणजे ज्या पक्षाने यांच्या माणसाला जेवायला बसू दिलं नाही, त्याच पक्षाला यांनी मत दिलं. मूर्ख होते का? घरात चूल पेटत नसेल तर दिल्लीतल्या, सॉरी, वॉशिंग्टनमधल्या हॉटेलात कोण कुठे बसतं याचं तेवढं काय वाटणार. मिचेल स्वतःही आधी रिपब्लिकनच होता, आणि त्याच्यानंतर आलेला विल्यम डॉसनही. पक्षांतर आपल्याकडेच होतं असं समजू नका.

हा डॉसन 1943 पासून 1970 मध्ये मरेपर्यंत खासदार. याची यंत्रणा आपल्या माणसाला लगेच कळेल. गल्लीगल्लीत पक्षाचा कार्यकर्ता, त्याला तिथे प्रिसिंक्ट कॅप्टन म्हणतात, कोणाला नोकरी, कोणाला कोळसा, कोणाच्या पोराला पोलीस स्टेशनमधून सोडवून आण, आणि मतदानाच्या दिवशी दारावर टकटक. 1960 ला केनेडीने इलिनॉय राज्य नऊ हजारांहून कमी मतांनी जिंकलं, त्यात या वॉर्डांच्या गठ्ठ्याचं वजन केवढं असेल बघा. 1963 ला तर महापौर डेलीला शहरातल्या बहुसंख्य गोऱ्यांनी नाकारलं होतं, ब्लॅक वॉर्डांनी तारलं. बदल्यात काय मिळालं? तेच टॉवर, त्याच पट्ट्यात, शेजारी चौदा पदरी डॅन रायन हायवे.

आता मला सगळ्यात आवडतो तो भाग. 4 डिसेंबर 1969 च्या पहाटे स्टेट्स अटर्नी (तिथला निवडून आलेला मुख्य सरकारी वकील) हॅनरहनच्या ऑफिसच्या पोलिसांनी ब्लॅक पँथर या जहाल ब्लॅक संघटनेच्या फ्रेड हॅम्प्टनच्या फ्लॅटवर धाड घातली. वय 21. तो आणि मार्क क्लार्क, दोघं मेले. पोलीस म्हणाले आतून तुफान गोळीबार झाला, तपासात निघालं की पोलिसांच्या गोळ्या शंभरच्या घरात आणि आतून फार तर एक. हॅनरहन हा डेमोक्रॅट, डेलीचा माणूस. 1972 ला तो परत उभा राहिला. इतकी वर्षं एकाच पक्षाचा शिक्का मारणाऱ्या ब्लॅक वॉर्डांनी बाकी बहुतेक डेमोक्रॅटना मत दिलं आणि या एका नावापाशी आल्यावर उडी मारून बर्नार्ड केरी नावाच्या रिपब्लिकनला दिलं. हॅनरहन पडला. मतपत्रिका केवढी लांब असते माहितीये, जज बिज धरून पानंच्या पानं, त्यात एक ओळ शोधून लोकांनी हिशोब चुकता केला. डोळे झाकून मत देणाऱ्यांना हे जमतं का?

त्याच वर्षी डॉसननंतरचा इथला खासदार राल्फ मेटकाफ डेलीशी फाटला. हा मेटकाफ 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 100 मीटरला जेसी ओवेन्सच्या मागे दुसरा आलेला धावपटू, पुढे बरीच वर्षं डेलीचा आज्ञाधारक. मग पोलिसांनी दोन ब्लॅक डेंटिस्टना रस्त्यात अडवून वाईट वागवलं आणि त्याचं डोकं फिरलं. 1976 ला डेलीने प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनीच ठरवायची आधीची निवडणूक) त्याच्याविरुद्ध आपला उमेदवार दिला, लोकांनी मेटकाफलाच आणलं. तो 1978 ला वारला, पक्षाने आपल्या मर्जीतला माणूस बसवला, त्याला 1980 च्या प्रायमरीत हॅरल्ड वॉशिंग्टनने घरी पाठवलं. तोच वॉशिंग्टन 1983 ला शिकागोचा पहिला ब्लॅक महापौर झाला, पण कसा? एरवी रिपब्लिकन उमेदवाराचं डिपॉझिट जप्त व्हावं असं ते शहर, आणि समोर ब्लॅक डेमोक्रॅट दिसल्यावर गोरे डेमोक्रॅट झुंडीने रिपब्लिकन एप्टनकडे गेले. एप्टनची घोषणाच होती, 'वेळ जाण्याआधी'. वॉशिंग्टन जेमतेम 52 टक्क्यांना निघाला. गठ्ठा मतदान म्हटलं की सगळे साउथ साइडकडे बोट दाखवतात, उरलेल्या शहराकडे कोणी दाखवत नाही.

पुढचं भराभर सांगते. 1992 ला बॉबी रश आला, हॅम्प्टनबरोबर इलिनॉयमध्ये ब्लॅक पँथर सुरू करणाऱ्यांपैकी एक. आठ वर्षांनी हाइड पार्कमध्ये राहणारा, युनिव्हर्सिटीत कायदा शिकवणारा एक तरुण आमदार त्याच्याविरुद्ध प्रायमरीत उतरला आणि 61 विरुद्ध 30 टक्के असा सपाटून हरला. त्याचं नाव बराक ओबामा. आयुष्यात हरलेली त्याची ही एकच निवडणूक, आमच्या मतदारसंघात. मला याचा उगाच अभिमान वाटतो.

तर मामा, मुद्दा हा की इथे नोव्हेंबरात निकाल ठरलेला असतो, मार्चमधल्या प्रायमरीत नाही. बारामतीत पवारच येणार हे 2024 मध्येही सगळ्यांना माहीत होतं, पण कुठल्या पवार, यावर केवढं रण पेटलं! इथे ते रण प्रायमरीत पेटतं. मतदान केंद्रावर टेबलामागच्या बाईला कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडाने सांगावं लागतं, मागची रांग ऐकत असते, आणि त्याची नोंदही राहते. पहिल्यांदा मला अगदी कानकोंडं झालं, आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांना सांगत नाहीत.

हे सगळं आता आणखी ताणलं गेलंय, अक्षरशः. शिकागोत 1980 च्या सुमारास 12 लाख ब्लॅक लोक होते, 2020 च्या जनगणनेत 8 लाखांच्या खाली आले. खासदाराला मात्र साडेसात लाख डोकी लागतातच, आणि इथे नकाशे विधानसभेत बहुमत असलेला पक्षच काढतो, त्यामुळे मतदारसंघ दर दहा वर्षांनी नैऋत्येकडे ओढला जातो, आता तो तळ्याकाठच्या फ्लॅट्सपासून विल काउंटीतल्या मक्याच्या शेतांपर्यंत गेलाय. आम्ही घर घेतलं ते त्या टोकाला, म्हणजे मी तीस मैल लांब आले तरी मतदारसंघ माझ्या मागोमाग आला. आमच्या गल्लीत रिपब्लिकन पाट्या भरपूर, पण एकूण बेरजेत त्यांची मतं एक तृतीयांशाच्या आसपासच राहतात.

2022 ला रश निवृत्त झाला आणि प्रायमरीत 17 उमेदवार. सतरा! त्या वर्षी ती मार्चऐवजी जूनमध्ये होती. मी दोन रात्री बसून सगळ्यांची माहिती वाचली, नवरा म्हणाला एवढा अभ्यास एमएसला केला असतास तर. निवडून आला जेसी जॅक्सन यांचा मुलगा जोनाथन, 28 टक्क्यांवर, वीस-बावीस हजार मतं फक्त. घराणं म्हणाल तर त्याचा मोठा भाऊ शेजारच्या दुसऱ्या मतदारसंघातून सतरा वर्षं खासदार होता.

रात्री मामांचा फोन. "मग, तुझा माणूस आला का?"

"नाही ना. सातवा का आठवा आला."

"म्हणजे वाया गेलंच की!"

मी म्हटलं, तुम्ही गेल्या पंचायत समितीला कोणाला दिलं होतं? तर म्हणाले रेंज नाही, आवाज तुटतोय.